डिकीची काठी

रेणुकाच्या डोक्याला मार लागला, त्यात सगळ्यात जास्त फायदा तिच्या नवऱ्याचा होणार होता. वाईट सिद्धोधनलाही वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटून झाल्यावर मागं जे शिल्लक राहिलं, ती होती गाडीची चावी.

चुडाव्यात त्यांच्या गल्लीत चारचाकी एकच. पांढरी, जुनी घेतलेली, आणि ती चालवायची रेणुका. ती जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, सिद्धोधन पूर्णेच्या कचेरीत कारकून. रोज सकाळी ती उजवीकडं बसायची आणि तो डावीकडं. मांडीवर तिची पर्स, दोघांचे डबे आणि पाण्याची बाटली. लायसन्स त्याच्याकडंही होतं. पण ते मिळालं त्याच आठवड्यात त्यानं गाडी पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर चढवली होती, आणि तेव्हापासून लायसन्स पाकिटात आणि तो डावीकडं, अशी वाटणी झाली होती. गावात त्याला हाकही ‘म्याडमचे मिष्टर’ अशीच यायची. म्हणजे रेणुका घरी बसली की त्याला उजवी सीट मिळणार, मांडी मोकळी होणार आणि स्वतःचं नावही परत मिळणार. शिवाय रस्त्यात हात करणाऱ्यांपैकी कुणाला घ्यायचं आणि कुणाला बघून काच वर करायची, हा अधिकार वेगळाच. एवढ्या मिळकतीला बायकोचं एक डोकं, तेही न फुटलेलं, म्हणजे सौदा स्वस्तातच पडत होता.

मार लागला तो असा. गाडीच्या डिकीचं झाकण आताशा वर टिकत नव्हतं, म्हणून त्याला एका काठीचा टेकू असायचा. रविवारी बाजार करून आल्यावर रेणुका डिकीत वाकून बटाट्याची पिशवी ओढत होती. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरच्या मेथीच्या जुडीत एका बकरीनं तोंड घातलं. बकरी हाकलायला सिद्धोधननं हाताला येईल ती काठी उपसली. हाताला आली ती डिकीची.

झाकण पडलं. रेणुका रस्त्यातच खाली बसली आणि तिनं विचारलं, आज शाळा आहे का? रविवार आहे, असं सांगितल्यावर तिनं पुन्हा तेच विचारलं. तेव्हा मात्र सिद्धोधन घाबरला आणि तिला परभणीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. गाडी अर्थातच त्यानं चालवली. फायद्याला सुरुवात तिथूनच झाली.

डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. रक्तस्राव नव्हता, पण मेंदूला हादरा बसला होता. आराम करायचा, मोबाईल बघायचा नाही, आणि डोकेदुखी, चक्कर, उजेडाचा त्रास पूर्ण जाईपर्यंत गाडी चालवायची नाही. मग परत तपासून ठरवू, असं ते म्हणाले. या वाक्यातलं ‘गाडी चालवायची नाही’ एवढंच सिद्धोधनच्या कानात शिरलं. पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही, चावी खिशात टाकून मोकळा झाला.

गावात विचारणाऱ्यांना त्यानं सांगितलं, गाडीमुळं मार लागला. हे खोटं नव्हतं. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, चावी रेणुकाच्या पर्समध्ये होती आणि काठी आपण उपसली होती, हे त्याला कुणी विचारलंच नाही. मग लोकांनी उरलेलं आपल्या पदरचं घातलं. आठवडाभरात गाडीनं कॅनॉलच्या पुलाजवळ कोलांट्या खाल्ल्या होत्या. गाडीवर ओरखडा कसा नाही, अशी शंका एकानं काढली, तर आजकालच्या गाड्या मजबूत असतात, असं उत्तर दुसऱ्यानं दिलं.

रेणुका घरात पडून हे सगळं ऐकत होती. ती मुळात कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण डॉक्टरांचं तिनं तंतोतंत ऐकलं. पहिले दिवस खिडकीला पडदा लावून काढले. वरणात मीठ दोनदा पडलं तेव्हा तिनं आपणहून कबूल केलं की डोकं अजून जाग्यावर नाही. एकदा उभ्या गाडीत बसून तिनं मागं मान वळवून पाहिली, गरगरलं, तर कुणी न सांगता खाली उतरली. “आज जमत न्हाई,” ती म्हणाली. सिद्धोधनला हे इतकं गोड लागलं की त्यानं त्या दिवशी चावीला सेफ्टी पिन आणली आणि चावी बनियनला आतून लावून टाकली.

पण डोक्याचं दुखणं हळूहळू उतरलं. उजेड टोचेना. मान वळवली तरी गरगरेना. परत तपासायला गेले तेव्हा डॉक्टरांनी तिला बोटामागं नजर फिरवायला लावली आणि फरशीच्या रेषेवरून पावलापुढं पाऊल ठेवत चालवलं. ती सरळ भिंतीपर्यंत गेली आणि आली. सिद्धोधन म्हणाला, डॉक्टरसाहेब, हे तर कुणालाही येईल. डॉक्टरांनी त्यालाही चालायला लावलं. तो दुसऱ्याच पावलाला वजनकाट्यावर चढला.

“आता थोडं थोडं सुरू करा,” डॉक्टर रेणुकाला म्हणाले. “दिवसाउजेडी, मोकळा रस्ता, जवळचं अंतर. शेजारी एखादं समजदार माणूस बसवा आणि गाडीत गप्पा नकोत. जरा जरी गरगरलं तर बाजूला घेऊन थांबायचं.”

घरी आल्यावर रेणुकानं हात पुढं केला. सिद्धोधननं त्या हातावर पाण्याचा तांब्या ठेवला.

“चावी,” रेणुका म्हणाली.

“मी चालवायलोय की रोज. तुला काय कमी पडायलंय?”

“गिरणीचा ओटा राहिलाय का अजून?”

“डॉक्टरनं गाडी बंद केली हाय, गावाला म्हाईत हाय.”

“डॉक्टरनं थांब म्हणलं होतं, उतर म्हणलं नव्हतं,” रेणुका म्हणाली. “आणि गावाला म्हाईत करायचंच असंल तर बकरीचं बी करते.”

बकरीचं नाव निघाल्यावर सिद्धोधननं आवाज उतरवला आणि प्रकरण वडिलांकडं नेलं. भगवानराव रेल्वेत फाटकावर नोकरी करून निवृत्त झालेले. जगात ज्याला त्याला घाई असते आणि ती अडवायला कुणीतरी लागतंच, यावर त्यांचा आयुष्यभराचा विश्वास. निवृत्तीनंतर त्यांच्याकडं अडवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळं निवाडा मागायला आलेलं माणूस त्यांना सणासारखं वाटलं. त्यांनी ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांतून लाल झेंडी बाहेर काढली, झटकली आणि निकाल दिला.

रूळ दुरुस्त केल्यावर पहिली गाडी सावकाश सोडतात, पुढं माणूस चालवतात आणि खात्री करतात. तसंच होणार. घरापासून कॅनॉलच्या पुलापर्यंत आणि परत दारापर्यंत. गाडी रेणुका चालवणार, शेजारी समजदार माणूस म्हणून ते स्वतः. सिद्धोधन पांढरे कपडे घालून गाडीच्या पुढं चालणार, कारण पांढरं लांबून दिसतं, आणि खाली बघत खड्डे तपासणार. इंजिनाला दिवा असतो म्हणून दिवसासुद्धा लाईट चालू. आणि डॉक्टरांनी गप्पा नकोत म्हटलंय, तेव्हा परत दारात येईपर्यंत दोघांनी तोंड उघडायचं नाही. बोलला तो बाद. सून बोलली तर चावी लेकाला कायमची, लेक बोलला तर सुनेला.

“आणि मला गरगरलं तर मी आपणहून बाजूला थांबणार,” रेणुका म्हणाली. “मग डॉक्टर परत सांगंपर्यंत चावी मागायची न्हाई. हे बी त्यात धरा, बाबा.”

“धरलं,” भगवानराव म्हणाले. सिद्धोधननंही मान हलवली. गप्प बसण्याची त्याला लग्नापासून सवय होती, त्यामुळं आपण जिंकलोच, असा त्याचा अंदाज होता.

निघायच्या वेळी सासूबाई, सरजाबाई, दारात आल्या. चुडाव्यात कुठलीच गाडी रिकामी जात नाही, गाडी निघाली की तिच्यावर कुणाचं तरी काम चढतंच. सरजाबाईंना पुलाजवळच्या पिंजाऱ्याकडं कापूस पिंजायला गादी द्यायची होती. गाडी निघालीच आहे तर, म्हणत त्यांनी गादीची गुंडाळी केली, मळू नये म्हणून ती पांढऱ्या चादरीत बांधली आणि मागच्या सीटवर लांब आडवी ठेवून दिली. स्वतः तिच्या उशाला बसल्या, एक हात गादीवर ठेवून, गादी घरंगळू नये म्हणून.

रेणुकानं उन्हासाठी गॉगल लावला, डोक्याला स्कार्फ गुंडाळला आणि ट्रायलपुरती मिळालेल्या दुसऱ्या चावीनं गाडी सुरू केली. क्लच सुटला, गाडी हलली, आणि तिच्या छातीत इतके दिवस अडकलेलं काहीतरी मोकळं झालं. तिनं आरशात पाहिलं, पुढं पाहिलं, परत आरशात पाहिलं. गरगरत नव्हतं. पुढं सिद्धोधन पांढऱ्या सदऱ्या-पायजम्यात, उघड्या डोक्यानं, मान खाली घालून पावलं टाकत होता.

गावाबाहेर मागून उसाचा ट्रॅक्टर आला. चालवणारा गोपाळ गाणी इतक्या जोरात लावायचा, की ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू यायचा. त्यानं पुढं निघायला बघितलं, तर खिडकीतून भगवानरावांची लाल झेंडी बाहेर आली. गोपाळ मागं राहिला. मग त्यानं नीट पाहिलं. पुढं म्याडमचे मिष्टर पायी, पांढऱ्या कपड्यात. त्यामागं लाईट लावलेली गाडी, माणसाच्या चालीनं. मागच्या काचेतून दिसणारी पांढऱ्या चादरीतली लांब गुंडाळी, आणि तिच्यावर हात ठेवून बसलेली सासू. अपघाताचं त्याला माहीत होतंच. गोपाळनं हात पुढं करून गाणं बंद केलं.

उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं बंद होणं, ही त्या रस्त्यावर साधी गोष्ट नव्हे. मागून आलेल्या जीपवाल्यानं हॉर्न वाजवला नाही. मोटारसायकलवाल्यांनी वेग कमी केला. झेंडी होतीच, त्यामुळं पुढं कुणालाच जाता येत नव्हतं, आणि ज्याला पुढं जाता आलं नाही तो आपोआप अंत्ययात्रेत सामील होत गेला.

पुढं भिवराबाई शेळ्या-मेंढ्या घेऊन चालली होती. रेणुकाच्या गाडीत जितक्या वेळा ती बसली असेल, तितक्या वेळा तिचे लेक-जावई तिच्या घरी आले नसतील. तिनं मेंढ्या रस्त्याच्या कडेला दाबल्या, सिद्धोधनकडं पाहिलं आणि मग चादरीकडं.

“म्याडम गेल्या का रं?”

सिद्धोधनच्या ओठांवर आलं होतं. पण ओठ उघडले की चावी गेली. त्यानं जोरजोरात मान नकारार्थी हलवली आणि कपाळावरून डोळ्यांत उतरलेला घाम पुसला. भिवराबाईनं अशी मान हलवणारी आणि असे डोळे पुसणारी माणसं मयतीच्या घरी पुष्कळ पाहिली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि मेंढ्यांसकट मागं निघाली. आत भगवानरावांना मागं माणसं का जमतायत हे कळेना, पण आपल्या झेंडीला अजून एवढा मान आहे, हे पाहून ते सुखावले.

पुलाजवळ पिंजाऱ्याचं दुकान बंद होतं. सरजाबाईंनी गादीवर थोपटून परत चला, अशी खूण केली. रेणुकानं मागंपुढं घेत गाडी अशी सफाईनं वळवली की झेंडी हातात असूनही भगवानरावांना तिचा उपयोग सापडला नाही. मागच्या लोकांनी समजून घेतलं: आधी घरी नेणार, मग पुढचं. जीप वळली, मोटारसायकली वळल्या. गोपाळचा उसाचा ट्रॅक्टर वळण्यासारखा नव्हता. तो त्यानं पुलाजवळ सोडला आणि पायी निघाला.

बातमी फोनवरून पुढं गेली होती. गाडी चावडीपाशी आली तेव्हा दुकानांची शटर अर्धी खाली होती आणि मधोमध माणसं उभी होती. पुढं तात्याराव, हातात मोठा हार. तात्याराव निवृत्त मुख्याध्यापक. नोकरीत असताना त्यांनी भाषणं केली आणि निवृत्तीनंतर भाषणासाठी प्रसंग शोधत राहिले. रेणुकानं गाडी हळूच थांबवली. समोरच्या काचेवर ऊन होतं, मोकळेपणानं आत डोकावणं बरं दिसत नव्हतं, आणि स्कार्फ-गॉगलमधली बाई कुणीतरी माहेरची असावी, असं ज्यानं त्यानं धरून घेतलं.

तात्यारावांनी घसा साफ केला. रेणुका मॅडम गेल्यानं गावाचं भरून न येणारं नुकसान झालं, असं त्यांनी सांगितलं. बाईमाणूस असून त्या गाडी काय चालवायच्या! खड्डा असा चुकवायच्या की मागच्या माणसाचा चहा सांडायचा नाही. रेणुकानं काच थोडी खाली केली. सरजाबाई पुढं वाकल्या. भगवानरावांच्या ध्यानात आता सगळं आलं होतं, पण झेंडी दाखवायची म्हणजे चांगलं चाललेलं भाषण अडवायचं. त्यांनी ती मांडीवर ठेवली.

भिवराबाई मधेच रडत पुढं झाली.

“माझं करडू मरायला टेकलं होतं, तर म्याडमनं गाडीत घालून जनावराच्या दवाखान्यात नेलं. आन् ह्यो,” तिनं सिद्धोधनकडं बोट केलं, “ह्यो मला बघून काच वर करायलाय महिनाभर. आता ह्येच्याच हातात गाडी राह्यली. आता आमी पायीच मरायचं.”

गर्दीतून हूं हूं झालं. गिरणीवाल्यानं आपल्या ओट्याची आठवण काढली. सिद्धोधनचा चेहरा लाल झाला, घाम वाढला, पण तो बोलला नाही. दार आता एका वळणावर राहिलं होतं. तिथं पोचायच्या आधी रेणुका रागाच्या भरात काहीतरी बोलणारच, आणि मग चावी आपलीच. त्यानं दात घट्ट धरले.

तेव्हा सिताराम पुढं आला. सिताराम जोड्या जुळवायचं काम हौसेनं करायचा आणि तो कुठल्याही गर्दीत आला की अविवाहित मुलांच्या आया त्याच्यासाठी खुर्ची शोधायच्या. त्यानं सिद्धोधनच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता तू मन घट्ट कर. ही बोलायची वेळ न्हाई, मला समजतंय. पण माझी मेव्हणी पाथरीला हाय. स्वभावानं गरीब. तुला काय अडचण असंल तर आत्ताच सांग. न्हाई बोललास तर मी होकार समजून निरोप देतो.”

सिद्धोधननं गाडीकडं पाहिलं. काच आणखी खाली गेली होती आणि रेणुकाचा गॉगल त्याच्यावर रोखलेला होता. गॉगलच्या आत काय आहे ते दिसत नव्हतं, पण पंधरा वर्षांच्या संसारात त्याला ते पाठ झालं होतं. गप्प बसावं तर मेव्हणी, बोलावं तर चावी. त्यानं एकदा सदऱ्यावरून बनियन चाचपली.

“आरं, जित्ती हाय ती!” तो ओरडला. “समोर बसलीय! गाडी तीच चालवायलीय, घरापासून पुलापर्यंत आन् पुलापासून हितपर्यंत, एक धक्का सुद्धा न्हाई बसू दिला! मागं गादी हाय!”

सरजाबाईंनी पुरावा म्हणून चादर सोडून दाखवली. कापसाचा एक पुंजका बाहेर आला.

भगवानरावांनी खिडकीतून हात बाहेर काढला. लाल झेंडी फडकली.

“सिद्धोधन बाद,” ते म्हणाले.

तात्याराव हार घेऊन तसेच उभे होते. भाषणाचा मधला भाग अजून शिल्लक होता आणि त्याचं काय करायचं, ते त्यांना सुचत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आता म्याडम बोलणार. पण रेणुकाचं दार अजून यायचं होतं. तिनं एकच लांब हॉर्न दिला. गर्दी दुभंगली. गाडी त्याच चालीनं पुढं गेली, गल्लीत वळली, दारात थांबली. रेणुकानं ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, लाईट बंद केले, आरशात एकदा मागं पाहिलं, आणि मगच खाली उतरली. लोक मागोमाग आलेच होते.

“सिताराम भाऊजी,” ती म्हणाली, “तुमच्या मेव्हणीला गाडी चालवता येती का? ह्यांना डावीकडं बसायची सवय हाय.”

मग तिनं हात पुढं केला. सिद्धोधननं सगळ्या गल्लीसमोर सदऱ्यात हात घातला आणि सेफ्टी पिन सोडली. रेणुकाच्या हातात होती ती ट्रायलपुरती दिलेली दुसरी चावी. आता दोन्ही तिच्याकडं आल्या.

डोकं दुखलं का, असं सरजाबाईंनी विचारलं. गाडीनं नाही, भाषणानं जरा दुखलं, असं रेणुका म्हणाली. “पण तात्याराव, तुमचं राहिलेलं भाषण पुरं करून जा, चहा टाकते,” असंही ती म्हणाली. तात्यारावांनी ते केलं, क्रियापदं बदलून. पुढचे काही आठवडे तिनं डॉक्टरांनी सांगितलेली शिस्त सोडली नाही. पूर्णेचा भरधाव रस्ता तिनं शेवटी घेतला, अंधार पडायच्या आत गाडी दारात, आणि गाडीत गप्पा बंद. सिद्धोधनला हा शेवटचा नियम फार जड गेला, कारण आता त्याला सांगण्यासारखं पुष्कळ साचलं होतं.

एकूण कुणाला काय पडलं, ते बघायचं तर दुकानदारांची अर्धी दुपार गेली, गोपाळचा ऊस पुलावर वाळला, आणि तात्यारावांचा हार फुलवाल्यानं परत घेतला नाही म्हणून तो गाडीच्या बॉनेटवर चढला. भिवराबाईचे अश्रू फुकट गेले असं वाटलं होतं, पण ती हिशेबाला पक्की निघाली. इतकं रडल्यावर बाजाराला पायी जायचं नसतं, असं तिनं जाहीर केलं. बाकी सगळा भरणा एकट्या सिद्धोधननं केला. तो आता डावीकडं बसतो, मांडीवर पर्स, डबे, बाटली, आणि बाजाराच्या दिवशी भिवराबाईचं करडू. डिकीला काठीचा टेकू अजून आहे. त्या काठीला भगवानरावांनी लाल झेंडी कायमची बांधून टाकली आहे, आणि डिकी उघडी असेपर्यंत काठी धरून उभं राहायचं काम सिद्धोधनकडं आहे, शेजारून कितीही बकऱ्या गेल्या तरी.